अप्पांची कोऱ्या पानावरची सही

अप्पा,

तुमच्या शोकसभेचा ठरावही मलाच लिहायला लावला. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. याच अक्षरानं मी तुमच्यावर काय वेळ आणली, हे त्या खोलीत तिघांनाच माहीत होतं. एक मी, दुसरे आपले अध्यक्षसाहेब आणि तिसरे तुम्ही, टेबलावर हार घातलेल्या फोटोत.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. वर्तमानपत्रात जे यायचं ते येऊन गेलं. ज्येष्ठ विधिज्ञ, फौजदारीतलं मोठं नाव, वगैरे. तुम्ही असतात तर त्या बातमीतल्या चुका लाल पेनानं काढून मला दाखवल्या असत्यात. ते सगळं मी परत सांगत बसत नाही, स्वतःचं कौतुक ऐकताना तुम्हाला जांभई यायची. मी लिहितेय ते भीतीपायी. काही झालं की आधी अप्पांना सांगायचं, ही माझी सोळा वर्षांची सवय आहे, आणि आता भीती आहे पण सांगायला माणूस नाही.

तुम्हा लिंगायतांत माणसाला बसवून नेतात हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं नव्हतं कधी. अंगणात तुम्हाला बसवलं होतं. कपाळभर विभूती, डोक्याला नेहमीचा रुमाल, मान थोडी खाली. बाररूममध्ये पुकाऱ्याची वाट बघत तुम्ही अशीच डुलकी काढायचात आणि तुमचं नाव आलं की बरोबर डोळे उघडायचात. मी पाच पावलांवर आले आणि मला वाटलं, आता उघडतील डोळे आणि विचारतील, ‘लिहिलंस का गं?’ मी पुढं आलेच नाही अप्पा. गर्दी होती म्हणून पाया पडता आलं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तुमच्यासमोर यायची हिंमत झाली नाही.

झालं ते पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊकच आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत.

खंडपीठात सरकारची बाजू मांडणारे आपल्या जिल्ह्याचे ते मोठे वकील, त्यांचं नाव उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी गेल्याची बातमी आली त्या दिवशी आपल्या तालुक्याच्या कोर्टात पेढे वाटले. मीही खाल्ला. आपला माणूस न्यायमूर्ती होणार, याचा कोणालाही आनंदच होणार. तुम्ही पेढा हातात धरून बसलात. खाल्ला नाहीत, टाकलाही नाहीत. शेवटी शिपायाच्या हातावर ठेवलात आणि मला म्हणालात, “रेखाबाई, जरा ये.”

रेखाबाई म्हटलं की काहीतरी बिनसलंय हे मला कळायचं. एरवी मी ‘पोरी’ असायची.

“गफूरभाई आठवतो का?” तुम्ही विचारलंत.

न आठवायला काय झालं. स्टँडसमोरचा रसवंतीवाला गफूरभाई. त्याचं गुऱ्हाळ एका सरकारी साहेबांच्या सांगण्यावरून उचललं, म्हणून त्यानं त्या साहेबांविरुद्ध अर्ज केला. पुढच्याच महिन्यात त्याला जिल्ह्यातून तडीपार केलं. दोन वर्षं. हुकुमात त्याच्या गुन्ह्यांची जी कारणं होती ती दुसऱ्याच कोणाची होती. नाव बदललेलं, पण मजकुरात एका ठिकाणी भूमच्या कुठल्याशा धाब्यावरची मारामारी तशीच राहिलेली, आणि गफूरभाईनं भूम एसटीच्या खिडकीतून तेवढं पाहिलेलं. बार्शीला बहिणीकडं राहायचा तो. दर रविवारी त्याची बायको भाकरी बांधून जिल्ह्याच्या हद्दीच्या पाटीपर्यंत जायची, तो पलीकडून यायचा, आणि पाटीखाली बसून दोघं जेवायचे. आपण दोघं एकदा मोटारसायकलवर गेलो होतो, वकालतनाम्यावर सही घ्यायला. पाटीपासून नक्की कुठं हद्द संपते ते कळेना म्हणून तो रस्त्याच्या पलीकडं उभा राहिला आणि तुम्हाला ओरडून म्हणाला, “अप्पा, तुम्हीच इकडं या. म्या तिकडं पाय टाकला तर पुन्हा केस करतील बेटे.”

खंडपीठात ती केस लागली तेव्हा सरकारतर्फे हेच वकीलसाहेब उभे होते. हुकुमातली भूमची मारामारी तुम्ही दाखवलीत. ते शांतपणे म्हणाले की अधिकाऱ्याचं समाधान झालं आहे, ते कशावरून झालं यात कोर्टानं डोकावू नये. हुकूम शेवटी रद्द झाला, पण तोवर गफूरभाईचे पावणेदोन वर्षांचे रविवार पाटीखाली गेले होते.

“अप्पा,” मी म्हणाले, “वकील पक्षकाराचं बोलतो. सरकार त्यांचं पक्षकार. तुम्ही खुनाचे आरोपी सोडवलेत की नाही?”

“सोडवले की. पण सुटल्यावर त्यातला एखादा म्हणला, मला गावाचा पोलीस पाटील करा, तर त्याच्या अर्जावर म्या सही करायची का?”

“हे तसं नाही.”

“तसंच हाय. बरं, कोर्टातलं सोड. आपल्या हॉलमध्ये येऊन काय बोलले?”

ते मला आठवत होतं. व्याख्यानाला आले होते. म्हणाले होते की राज्य चालवायचं तर सरकारचे हात मोकळे पाहिजेत, उठसूट कारण विचारणारं कोर्ट हे गाडीच्या चाकाला लावलेल्या खुट्टीसारखं असतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मागच्या रांगेतून विचारलंत, “आन् गाडी उताराला लागली तर?” ते हसले, तुम्हीही हसलात, आणि आम्हाला वाटलं की विषय संपला.

“मोकळ्या हाताचा वकील असू दे,” तुम्ही म्हणालात. “मोकळ्या हाताचा जज्ज नको. गरिबाला सरकारला ‘का’ म्हणून विचारायची एकच जागा हाय. तिथं ‘का’ न विचारणारा मानूस बसवला तर गफूरभाईनं कुठं जायचं?”

मला तुमचं पटलं, असं मी म्हणणार नाही. आजही म्हणत नाही. खुर्चीत बसल्यावर माणूस बदलतो, असं माझं म्हणणं होतं. तुमचं म्हणणं, माणूस खुर्चीत बसून मोठा होत नाही, नुसता उंचावर बसतो. आपण यावर चार दिवस भांडलो. पाचव्या दिवशी तुम्ही दोन पानांचं पत्र लिहून आणलंत, उच्च न्यायालयाकडं पाठवायचं. त्यात शिवी नव्हती, आरोप नव्हता. गफूरभाईच्या केसचा क्रमांक, त्या व्याख्यानातली वाक्यं आणि शेवटी, ‘या कारणांनी त्यांच्या नावाचा फेरविचार व्हावा’. खाली तुमची सही आणि त्याखाली तेवढीच मोकळी जागा.

“तू व्याख्यानाला व्हतीस,” तुम्ही म्हणालात. “करतीस का सही?”

मी नाही म्हणाले. कारण काय दिलं? मतभेद आहेत म्हणून. खरं कारण यादीचं होतं. आपल्या कोर्टात सरकारतर्फे काम बघणाऱ्या वकिलांच्या यादीत माझं नाव आहे. ती यादी दर वर्षी नवी होते. कोणाला का ठेवलं आणि कोणाला का काढलं, याचं कारण कोणी देत नाही आणि कोणी विचारत नाही. घरी आई आहे, तिचं रोजचं औषधपाणी माझ्यावर. तुम्हाला हे सगळं माहीत होतं. तुम्ही ती मोकळी जागा कात्रीनं कापलीत, पाकीट बंद केलंत आणि तुमच्या कन्नडमध्ये म्हणालात, “आयतु.” झालं म्हणजे झालं. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

पत्र गेल्यावर आठवडाभरात साध्या कपड्यातला एक माणूस बाररूममध्ये येऊन तुमची चौकशी करून गेला. अप्पा कधी येतात, मुलं कुठं असतात, जमीन मुरूम गावी आहे की इकडं. तुम्ही त्यालाच चहा पाजलात आणि वहीत लिहून घेताना त्याचं शुद्धलेखन सुधारलंत. सगळे हसले. मी स्वच्छतागृहात जाऊन उभी राहिले. मला वाटायचं, या माणसाला भीती कशी ती नाहीच.

आणि मग तो शुक्रवार.

आपल्या वकील संघाची ठराव बही कशी चालते, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. सभा अकराला म्हटली की कोणाचा पुकारा होतो, कोणाला पक्षकार ओढून नेतो, कोणी तुळजापूरची गाडी धरायला निघतो. म्हणून आपल्याकडं आधी सह्या. पानाचा वरचा अर्धा भाग कोरा सोडायचा, खाली येईल त्याची सही घ्यायची, आणि सभा झाल्यावर, कधी सभा न होताच, सहसचिवानं, म्हणजे मी, वर ठराव लिहायचा. सत्कार, शोकसभा, पिण्याच्या पाण्याची टाकी, सगळं याच रीतीनं. वकिलांची बही आहे ही. यातलं एकही पान पक्षकारानं आणून दाखवलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

त्यातही तुम्ही. पंच साक्षीदाराला तुमचा पहिला सवाल ठरलेला. “पंचनामा वाचून सही केली, का सही करून वाचला?” तो बिचारा फौजदाराकडं बघायचा. “तिकडं बघू नगं, इकडं बघ. कागद कोरा व्हता का?” आणि केस तिथंच निम्मी व्हायची. चाळीस वर्षं तुम्ही हेच करत आलात.

त्या शुक्रवारी तुम्ही चहा बशीत ओतून पीत होतात. मी बही पुढं धरली. “अप्पा, सही.”

“कशाची सभा गं?”

“नेहमीचीच.”

मला खरंच तेवढंच माहीत होतं. अध्यक्षसाहेब ‘किरकोळ विषय आहेत’ म्हणाले होते. तुम्ही डाव्या हातात बशी तशीच धरून उजव्या हातानं सही केलीत. पानाकडं पाहिलंही नाहीत, कारण बही माझ्या हातात होती.

पाच वाजता अध्यक्षसाहेब चिठ्ठी घेऊन आले, वर त्या होऊ घातलेल्या न्यायमूर्तींचं नाव. ‘यांच्या नावाला हा वकील संघ एकमतानं पाठिंबा देत आहे. यापूर्वी कोणा सभासदानं वेगळं मत कळवलं असल्यास ते या ठरावानं मागे घेतलं आहे असं समजावं.’ मी वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“साहेब, खाली अप्पांची सही आहे.”

“म्हणूनच तर,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही, उलट खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. “मॅडम, तुमची ती यादी यंदा कधी नवी होते?”

मी लिहिलं, अप्पा. ठळक, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही.

चार दिवसांनी तुम्हाला खंडपीठातल्या कोणीतरी फोन केला, ‘काय अप्पा, माघार घेतली म्हणे.’ तुम्ही सरळ बाररूममध्ये आलात आणि बही मागितलीत. उभ्यानं वाचलंत. चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा वाचलंत. मी समोर होते.

“अक्षर तुझं.”

“हो.”

“म्या सही केली तवा वर काय व्हतं?”

“काही नव्हतं.”

तुम्ही बही मिटलीत. मी म्हटलं, आता ओरडतील, ओरडू देत. पण तुम्ही हसायला लागलात. अंग हलवून हसलात आणि म्हणालात, “जन्मभर पंचांना झोडपलं, आन् शेवटाला म्याच कोरा पंच निघालो की गं.” मग डोळे पुसलेत. ते हसण्यानं आलेलं पाणी होतं असं मी धरून चालले.

“मी कळवतो वर,” तुम्ही म्हणालात. “पर सही नाकारनारं मानूस कोर्ट रोज बघतं. साक्षीदार पायजे. सह्या आधी झाल्या, ठराव मागनं लिवला, एवढंच शपथेवर लिहून देतीस का? दुसरं काय नको. माझं पत्र बरोबर व्हतं का चूक, ते तू म्हनू नको.”

“बघते अप्पा.”

बघते. वकिलांच्या भाषेत याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच मला शिकवलं होतं.

तुम्ही तुमचं पत्र तयार करून माझ्या शपथपत्रासाठी थांबलात. तीन आठवडे. एकदाही विचारलं नाहीत. मी मागच्या व्हरांड्यातून जायला लागले. जेवायच्या सुट्टीत गाडीवर जाऊन बसायचे. शेवटच्या बुधवारी मात्र तुम्ही मला जिन्यात गाठलंत. तुम्ही म्हणालात, “डब्यात काय आनलंस?”

“धपाटे.”

“मग ते एकटीनं खायचे असत्यात व्हय?”

आपण जिन्यातच बसलो. तुम्ही दोन खाल्लेत, हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर, आणि पहिल्या दिवसाची आठवण काढलीत. न्यायाधीशांनी मला विचारलं होतं, ‘बाई, तुमचे वकील कुठं आहेत?’ तुम्ही मागून उठून म्हणाला होतात, ‘ह्याच वकील हायेत साहेब, मी त्यांचा कारकून.’ त्या एका वाक्यावर मी या कोर्टात सोळा वर्षं उभी आहे. हे तुम्हाला तेव्हा म्हणावं असं जिन्यात फार वाटलं, पण ते म्हटलं असतं तर शपथपत्राचंही बोलावं लागलं असतं. मी डबा बंद केला. शुक्रवारी सकाळी बूट घालताना तुम्ही गेलात. डॉक्टर हृदय म्हणाले. माझा त्यावर विश्वास आहे, पण ते तीन आठवडेही मी विसरत नाही.

तिसऱ्या दिवशी मी काकूंकडं गेले. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. मला जवळ बसवलं आणि हळूच म्हणाल्या, “रेखा, तुमचे अध्यक्ष आलते. म्हनले, अप्पांनी शेवटी मोठ्या मनानं माघार घेतली. घेतली व्हय गं ह्यांनी?”

मी काय उत्तर दिलं असेल? “काकू, मी नंतर सांगते.” त्यांनी मान हलवली आणि माझ्यापुढं पाणी सरकवलं. मी ते तसंच ठेवून उठले. चाळीस वर्षं ज्या बाईनं तुमच्या पक्षकारांना जेवायला घातलं, ती आता असं धरून चालली होती की हा माणूस शेवटी भ्याला आणि तिलाही न सांगता गेला.

मग शोकसभा. अध्यक्षसाहेब छान बोलले, अगदी गळा भरून आला त्यांचा. “अप्पांनी आपला वैयक्तिक विरोध मागे घेऊन या जिल्ह्याचा मान राखला,” असं म्हणाले तेव्हा दोघातिघांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि शोकसभा आहे हे लक्षात येऊन खाली घेतले. दोन मिनिटं उभं राहून झालं. बही माझ्यासमोर आली. वर अर्धं पान कोरं, खाली सगळ्यांच्या सह्या.

“लिहा मॅडम. नेहमीचं.”

त्या क्षणी काय मनात आलं ते सांगते, तुम्हाला लाज वाटली तरी चालेल. मी ठरवलं की आत्ता इथंच लिहायचं, ‘अप्पांनी आपला विरोध अखेरपर्यंत कायम ठेवला याचा या संघाला अभिमान आहे.’ खाली यांच्या सगळ्यांच्या सह्या तयार होत्या, अध्यक्षांची सुद्धा. कोणाला तोंड उघडायची सोय राहिली नसती. हात शिवशिवत होते अप्पा. ‘अप्पांनी’ एवढं लिहूनही झालं. आणि तिथं मला तुमचं ‘साकु’ ऐकू आलं. समोरचा वकील साक्षीदाराला फार पिळायला लागला की तुम्ही कन्नडमध्ये पुटपुटायचात ते. बास आता. तुमच्या सहीवर मी जे केलं तेच पन्नास माणसांच्या सह्यांवर करायला निघाले होते, फक्त या वेळी ते तुमच्या बाजूचं होतं म्हणून.

मी लिहिलं, ‘अप्पांनी या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केली. त्यांच्या निधनानं या संघाला दुःख झालं आहे.’ पेन ठेवलं आणि उभी राहिले. एका हातानं टेबल धरलं.

“अध्यक्षसाहेब, मागच्या ठरावाच्या वेळी सह्या आधी झाल्या होत्या. पान कोरं होतं. ठराव मी संध्याकाळी लिहिला. अप्पांनी काही मागे घेतलेलं नाही. तसं मी शपथपत्र करणार आहे.”

मग अध्यक्षसाहेब म्हणाले, “मॅडम दुःखात आहेत. त्यांना पाणी द्या.”

शपथपत्र मी स्वतः टाइप केलं. एकच पान. वकीलसाहेबांविरुद्ध त्यात एक शब्द नाही. ते चांगले न्यायमूर्ती होतीलही, त्या भांडणात मी अजून पूर्ण तुमच्याकडं आलेले नाही. पण एक मात्र आता कळलं. ‘का’ न विचारता माझं नाव यादीतून जाऊ शकतं, एवढ्या एका गोष्टीनं मी माझ्याच गुरूच्या सहीवर खोटं लिहिलं. मला कोणी मारलं नाही, धमकी सुद्धा धड दिली नाही. यादी कधी नवी होते, एवढंच विचारलं. मोकळ्या हाताचं तुम्ही म्हणत होतात ते हेच असेल तर तुम्ही पत्रात फार सौम्य लिहिलं होतंत.

शपथपत्राला ओळख लागते. ‘शपथ घेणाऱ्या व्यक्तीस मी ओळखतो’ असं लिहून एका वकिलानं खाली सही करायची. रोज आपण एकमेकांसाठी दहा ठिकाणी करतो, अनोळखी पक्षकारांसाठी सुद्धा करतो. मी चौघांकडं गेले. एकाला पुकारा झाल्याचं ऐकू आलं, जो झालाच नव्हता. एकानं चष्मा घरी विसरल्याचं सांगितलं, चष्मा खिशात दिसत होता. तिसरा म्हणाला, “उद्या बघू.” चौथा तुमचाच जुना शिष्य, माझ्या आधीचा. तो खरं बोलला. म्हणाला, “मॅडम, ओळखतो की. पण लेखी कशाला?”

शेवटी शपथ देणाऱ्या कारकुनालाच माझी दया आली. “आधार आणलंय का मॅडम? त्यावर करू.” ज्या कोर्टात मी सोळा वर्षं रोज उभी राहते, तिथं मी कोण आहे हे आधार कार्डावरून सिद्ध झालं. मग तुमच्या खणातलं, तुम्ही सही करून ठेवलेलं पत्र आणि माझं शपथपत्र एका पाकिटात घालून मी पोस्टात गेले. रजिस्टरची पावती देताना पोस्टातल्या बाईंनी माझ्याकडं बघून विचारलं, ताप आहे का.

तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. काल दोघेजण गल्लीत येऊन आईला विचारून गेले, बाई किती वाजता घरी असतात. आई म्हणाली, “पक्षकार असतील गं.” पक्षकार असतील. कोर्टात मी टेबलाशी गेले की बोलणं थांबतं. चहाचा कप माझ्यापुढं येतो, पण आणणारा डोळ्याला डोळा देत नाही. यादी पुढच्या महिन्यात आहे. मला रडू येतं, चीडही येते, तुमचाही राग येतो. तुमचं काय, तुम्ही निर्भय होतात. ज्याला भीतीच वाटत नाही त्याला धाडस करायला काय लागतं? आम्ही साधी माणसं, आम्हाला कशाला या फंदात ओढलंत, असं तुमच्या फोटोला मी चक्क बोलले.

आज सकाळी काकूंकडं गेले. शपथपत्राची प्रत वाचून दाखवली. त्यांना मराठी अक्षर नीट लागत नाही, म्हणून एकेक ओळ वाचली आणि सगळं सांगितलं. बही मीच पुढं धरली, वरचा ठराव मीच लिहिला, तीन आठवडे त्यांना मीच ताटकळत ठेवलं. काहीच लपवलं नाही. शेवटी म्हणाले, “काकू, अप्पांनी माघार घेतली नव्हती. ते भ्याले नव्हते.”

काकू शिव्या देतील, उठून जा म्हणतील, याची तयारी करून गेले होते. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला.

“माघार घेतली न्हाय, हे बरं झालं सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “तेवढंच इचारलं व्हतं म्या. पर भ्याले न्हवते असं कोन म्हनलं तुला? लई भ्याले व्हते. पत्र टाकून आले त्या दिवशी उलट्या झाल्या त्यांना. त्यो पोलीस येऊन गेल्यावर दाराला आतनं दुसरी कडी बसवली. कुनी हाक मारली की आधी खिडकीतनं बघायचे. मला म्हनायचे, रेखाला सांगू नगंस, पोरगी घाबरंल.”

अप्पा, एवढं एक तुम्ही मला सांगायला हवं होतं.